शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचे काय?

कंबरदुखी ही आमच्या किनारपट्टीला नवी नाही. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी शेतकरीण, माडावर चढणारा पाडेली, रापण ओढणारा रापणकार आणि तासन् तास खुर्चीला खिळलेला कारकून, या सर्वांच्या कंबरेवर कमीअधिक भार पडतच असतो. बहुतेकांना विश्रांती, व्यायाम आणि औषधे यांनी गुण येतो. परंतु मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतू दाबला गेला आणि पायातील शक्ती जाऊ लागली, की शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली या विकाराचे आणि त्यावरील शस्त्रक्रियेचे विवेचन केले. तेव्हापासून शल्यशास्त्राने या क्षेत्रात मोठीच मजल मारली आहे. मात्र रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले दोन दिवस तो कसे काढतो, या प्रश्नाकडे आमच्या समाजाचे आणि पुष्कळदा रुग्णालयांचेही जावे तितके लक्ष जात नाही.

‘शस्त्रक्रिया म्हटली की दुखायचेच’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातील निष्ठुरता जाणवेनाशी झाली आहे. दुःख हा प्रारब्धाचा भोग आहे असे मानणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु टाळता येण्याजोगी वेदना टाळू नये, असे कोणत्याही धर्माने सांगितल्याचे आम्हांस ठाऊक नाही. शिवाय हा केवळ दयाबुद्धीचा प्रश्न नव्हे. वेदनेने जखडलेला रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. त्यामुळे छातीत कफ साठतो. तो अंथरुणातून उठत नाही. त्यामुळे पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीची तीव्र वेदना आटोक्यात आली नाही, तर ती पुढे महिनोन् महिने रेंगाळण्याचा संभव वाढतो, असेही अनुभवास आले आहे. वेदनाशमन हे उपचाराचेच अंग आहे. ती रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हे.

या कामी एक साधा उपाय उपलब्ध आहे आणि तो म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. पुढे निर्धोकतर औषधे निघाली. १९४३ साली लिग्नोकेन आणि १९५७ साली अधिक काळ टिकणारे ब्युपिवाकेन तयार झाले. ही औषधे मज्जातंतूंतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश वाटेतच अडवितात. पाठीचे स्नायू आणि त्यांवरील त्वचा यांना संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूंच्या मागील शाखा पायांकडे जाणाऱ्या शाखांहून वेगळ्या असतात. म्हणूनच जखम शिवण्यापूर्वी आजूबाजूच्या स्नायूंत हे औषध टोचले, तर पाठीची वेदना शमते आणि सामान्यतः पायांची हालचाल अबाधित राहते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक’ या पद्धतीत भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या साहाय्याने पाठीच्या स्नायूंखालील पडद्यात औषध सोडतो. कंबरेच्या शस्त्रक्रियांवरील अनेक चाचण्यांत या पद्धतीने पहिल्या दिवसाची वेदना आणि मॉर्फिनची गरज कमी झाल्याचे आढळले आहे.

हा रामबाण उपाय आहे असे मात्र कोणी समजू नये. एका इंजेक्शनचा परिणाम काही तासांचा असतो. तो ओसरण्यापूर्वीच पॅरासिटामॉलसारखी औषधे नियमित वेळेवर सुरू असावी लागतात. औषधाची मात्रा रुग्णाच्या वजनावरून ठरवावी लागते. ती अधिक झाली किंवा चुकून रक्तवाहिनीत गेली तर झटके येऊ शकतात, हृदयाची गती बिघडू शकते. म्हणून हे काम जाणत्या हातांनीच व्हावे आणि अशा प्रसंगी लागणारे स्निग्ध द्रावण शस्त्रक्रियागृहात तयार असावे. पाय एकाएकी लुळा वाटू लागला, तर तो औषधाचाच परिणाम असेल असे म्हणून स्वस्थ न बसता शल्यविशारदास तत्काळ कळविले पाहिजे.

या उपायाचे महत्त्व आमच्या देशात दुहेरी आहे. मॉर्फिनने मळमळ होते, गुंगी येते, बद्धकोष्ठ होते आणि मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो. कंबरेला टाके असताना शौचाला कुंथावे लागणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यातच १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक परवान्यांमुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली हा कायदा सुधारून वैद्यकीय उपयोगाची वाट सुकर करण्यात आली. परंतु वर्षानुवर्षे जडलेला संकोच कायद्याच्या एका दुरुस्तीने जात नाही. याउलट लिग्नोकेन आणि ब्युपिवाकेन यांना तसला परवाना लागत नाही, ती महागही नाहीत आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहेत. शस्त्रक्रियागृह आहे तेथे ती बहुधा असतातच. उणीव आहे ती औषधाची नव्हे, नियमाची.

आमच्या सूचना साध्या आहेत. कंबरेच्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी वेदनाशमनाची योजना रुग्णास समजेल अशा भाषेत सांगावी. परिचारिकांनी ताप आणि नाडी यांच्याबरोबरच वेदनेचीही शून्य ते दहा या मापाने दर पाळीस नोंद करावी आणि ती नोंद वाचून कोणीतरी त्यावर कृतीही करावी. तालुक्याच्या रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांना नव्या पद्धतींचे शिक्षण मिळावे. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या गोव्याला हे अशक्य असण्याचे कारण नाही. आणि रुग्णाच्या आप्तांनीही ‘शुद्धीवर आल्यावर दुखू नये म्हणून काय करणार?’ असे शस्त्रक्रियेपूर्वीच निःसंकोचपणे विचारावे. या प्रश्नात डॉक्टरांचा अवमान नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सांगण्यापूर्वी, रुग्ण रात्री झोपला काय, हे विचारण्याची प्रथा आमच्या रुग्णालयांत पडावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.