चालू क्षणाचें प्रमाण

दिंडोशीस बेस्टचें आगार आहे, आणि २०२२ सालापासून मेट्रोचें स्थानकही आहे. तरीही गाडीची वाट पाहणें आम्हांस चुकलेलें नाहीं. भेद इतकाच कीं, पूर्वीं डोळे रस्त्याकडे लागत, आतां ते हातांतील फोनकडे लागतात. बस कोठें आली हें नकाशावरील ठिपका सांगतो.

गेल्या पावसाळ्यांत नेत्रवैद्यांकडे जाण्यास आम्ही सूनबाईसह निघालों. बस दोन मिनिटांवर असल्याचें फोन सांगत होता. थोड्या वेळानें ती म्हणाली, “मामंजी, हा ठिपका मघापासून हललाच नाहीं. रिक्षा करूं या.” आम्हीं मास्तरी आवाजांत उत्तर दिलें, “यंत्र खोटें कशास बोलेल?” अर्धा तास भिजलों. बस आम्ही पोंचण्यापूर्वींच निघून गेली होती. डॉक्टरांची वेळही टळली.

आमचा पुतण्या याच धंद्यांत आहे. रात्रीं त्यास विचारतां त्यानें सांगितलें तें वाचकांच्याही उपयोगी पडेल. बसमधील यंत्र उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान ठरवून मध्यवर्ती संगणकास कळवितें. तेथून वार्ता आपल्या फोनवर येण्याचे मार्ग दोन. फोननें घडोघडी विचारीत राहावें हा पहिला. टपाल आलें काय म्हणून पुन्हापुन्हा दारापर्यंत जाण्यासारखा. दुसरा, दोहोंमध्यें जणूं एक तार अखंड उघडी ठेवावी, म्हणजे वार्ता निघतांच आपण होऊन पोंचते. या रीतीस वेबसॉकेट म्हणतात. तिचे नियम २०११ सालीं प्रसिद्ध झाले.

परंतु एकाच वेळीं लक्षावधि तारा सांभाळणें लहान मंडळीस झेपत नाहीं. म्हणून ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट या कंपन्या ही व्यवस्था भाड्यानें देतात. २०१६ पासून ॲमेझॉनची संगणककेंद्रें मुंबईंतही आहेत. तिच्या अशा एका सेवेंत निरोप किती गेले आणि तार किती मिनिटें उघडी राहिली, यांवर आकार पडतो. घरीं विहीर न खणतां नळ घेण्यासारखेंच हें.

तथापि नळ आला म्हणून पाणी भरून झांकून ठेवण्याचें काम सुटत नाहीं. तार तुटतेच. घरचें वायफाय सोडून रस्त्यावर आलें कीं तुटते. वर सांगितलेली सेवा तर दहा मिनिटें निरोप न गेल्यास, आणि कांहीं झालें तरी दोन तासांनीं, ती स्वतःच बंद करते. ती पुन्हा जोडणें, मधले निरोप मागून घेणें, आणि तोंवर ‘ही माहिती इतक्या मिनिटांपूर्वींची’ असें स्पष्ट दाखविणें, हें ॲप रचणाऱ्याचें कर्तव्य. आमच्या वेळीं तेंच राहून गेलें असावें.

न्यायशास्त्र चार प्रमाणें मानतें: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे यथार्थ सांगणाऱ्याचा. आयुष्यभर मुलांस शिकविलेलें हें सूत्र आम्ही भर रस्त्यांत विसरलों. फोनवरची बस हें प्रत्यक्ष नव्हे. तो शब्द होता, आणि तोही शिळा. ठिपका हलत नाहीं हें मात्र सूनबाईनें डोळ्यांनीं पाहिलें होतें, आणि त्यावरून तिनें केलें तें शुद्ध अनुमान. दुसऱ्या दिवशीं पंक्तींत सर्वांदेखत आम्हीं तिला तसें सांगितलें.

ज्या घरांतील मुलें असलीं ॲपें रचीत असतील, तेथील वडीलधाऱ्यांनीं त्यांस एवढेंच विचारावें: बाबांनो, तार तुटली म्हणजे तुमचा ठिपका काय म्हणतो?