जळजळीचं औषध घ्या, पण जेवणानंतर

लग्नाचं जेवण उशिरा झालं. घरी येऊन तुम्ही आडवे झालात आणि घशाशी आंबट आलं. छातीत जळजळू लागलं. अशा वेळी अल्जिनेटचं औषध चांगलं कामी येतं. फक्त ते कधी आणि कसं घ्यायचं, हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा घट्टसर थर होतो. दुधावर साय धरावी तसा तो जेवणावर तरंगतो आणि आंबट वर येऊ देत नाही.

म्हणूनच ते जेवणानंतर घ्यायचं. पित्ताची जी गोळी तुम्ही सकाळी उपाशीपोटी घेता, ती वेगळी. हे औषध रिकाम्या पोटी घेतलंत तर लवकर खाली उतरून जातं. मग "गुण येत नाही" म्हणून बाटलीला दोष देऊ नका.

घेताना एवढं सांभाळा.

बाटली आधी नीट हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं.

सोबत आलेल्या मापानेच घ्या, बाटलीला तोंड लावून नको. मोठ्या माणसाला बहुधा 10 ते 20 मिली, जेवणानंतर आणि रात्री झोपताना, दिवसातून चारदा असं सांगतात. तरी तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. अक्षर बारीक असेल तर दुकानदाराला विचारा.

गोळी असेल तर गिळू नका, बारीक चावून खा.

त्यावर लगेच चहा-फराळ नको.

थायरॉईडची, लोहाची गोळी किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर मध्ये दोन तास जाऊ द्या. नाहीतर ती औषधं अंगी नीट लागत नाहीत.

बऱ्याच अल्जिनेट औषधांत सोडियम, म्हणजे मिठातला घटक, असतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे तुमचं लोणचं-पापड बंद केलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर बाईला हे सहसा चालतं, पण तिनेही विचारावं. लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

औषधाच्या जोडीला सवयीही बदला. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका. उशांवर उशा रचल्या की पोट दुमडतं. त्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली भक्कम ठोकळे ठेवा. डाव्या कुशीवर झोपा.

सात दिवसांत बरं वाटलं नाही, तर दुसरी बाटली आणू नका. डॉक्टरांकडे जा. घास अडकतोय, वजन उतरतंय, उलटीत रक्त दिसतंय किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतंय, तर सात दिवसही थांबू नका.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. छातीवर दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, दम लागला, तर ते पित्त समजून बाटली शोधत बसू नका. महाराष्ट्रात 108 ला फोन लावा. दवाखान्यात पित्तच निघालं, तर फार बरं झालं. तेवढ्यासाठी कुणी तुम्हाला हसणार नाही.