गप्प झालेली मैत्रीण

आम्ही मैत्रिणी व्हॉट्सॲपवर रोज एकमेकींना कळवतो: आज काय शिजलं, कुणाचा ताप उतरला, मुलांचे पेपर कसे गेले. पण एखादी आठवडाभर गप्प झाली, तर ‘कामात असेल’ म्हणून सोडू नये. झोप उडणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवडे टिकले, तर ते नैराश्य असू शकते. तो ईमानाचा कमकुवतपणा नव्हे, आजार आहे. दुआ करावी, डॉक्टरही गाठावा. अशा बहिणीला ग्रुपवर उपदेश न करता वेगळा फोन करावा, ऐकून घ्यावे. जीव देण्याची भाषा आली, तर घरच्यांना लगेच सांगावे. सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.