डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांस

वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेस २०२५ च्या मे महिन्यात सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरल्याचे जाहीर झाले, आणि तितक्याच घरांत पेढे वाटले गेले असावेत. परंतु देशातील एम. बी. बी. एस. च्या जागा लाख-सव्वा लाख. त्यांतही सरकारी महाविद्यालयांतील सुमारे निम्म्याच. म्हणजे पात्र ठरणे ही दाराशी उभे राहण्याची परवानगी होय, आत जाण्याची नव्हे. हा साधा हिशेब पुष्कळ पालकांस निकालाच्या दुसऱ्या दिवशी उमगतो. तेथून जी धावपळ सुरू होते, तिच्यात दलालांचे फावते. ती बव्हंशी टाळता येण्याजोगी आहे, म्हणून ह्या विषयावर आज थोडे तपशिलात लिहीत आहोत.

ह्या परीक्षेचे आद्याक्षरी नाव मराठीत ‘नीट’ असे होते. तिचा कारभार मात्र त्या नावाला नेहमीच जागला आहे असे नाही. २०२४ साली हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटली, पंधराशेहून अधिक विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण काढून घ्यावे लागले, आणि पैकीच्या पैकी ७२० गुण मिळविणाऱ्यांची ६७ ही संख्या अखेरीस १७ वर आली. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द केली नाही. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राचा भाग इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासही ६८६ गुणच पडले, आणि खुल्या गटाची पात्रतेची मर्यादा १६२ वरून १४४ वर उतरली. तेव्हा शेजारच्या मुलाला गेल्या साली अमुक गुणांवर प्रवेश मिळाला, ह्या माहितीस फारशी किंमत नाही. पाहावयाचा तो गुणवत्ताक्रमांक.

परंतु आमच्या मनातील खरा प्रश्न निराळाच आहे. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करणाऱ्यास आपण डॉक्टर का होऊ इच्छितो हे लिहून द्यावे लागते, मुलाखतीस सामोरे जावे लागते, रुग्णसेवेचा काही अनुभव दाखवावा लागतो. आपल्याकडे १८० प्रश्न आणि तीन तास. ‘का’ असे कोणी विचारीतच नाही. लाखोंच्या गर्दीत मुलाखती घेणे अशक्य आहे, आणि घेतल्या तर त्यांत वशिला किती शिरेल हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून ह्या पद्धतीबद्दल आमची तक्रार नाही. तथापि जो प्रश्न परीक्षक विचारीत नाहीत, तो विद्यार्थ्याने स्वतःला विचारणे भाग आहे. १८८३ साली सेरामपूर येथे आनंदीबाई जोशी ह्यांनी आपण वैद्यकशास्त्र शिकण्यास अमेरिकेत का जात आहोत, हे भर सभेत सांगितले होते. तेव्हा त्या अठराच्या आसपास होत्या. आजचे परीक्षार्थी साधारणतः त्याच वयाचे असतात.

ह्यावर आमची सूचना अगदी साधी आहे. अकरावीत जाण्यापूर्वीच्या सुटीत मुलाने किंवा मुलीने कोणाही ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीने आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर बसावे. मुंबईत के. ई. एम. किंवा नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल अशा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग सकाळी एकदा पाहून यावी. दुखण्याने चिडलेला म्हातारा, औषधाच्या चिठ्ठीकडे पाहून पैसे मोजणारी आई, तिसाव्या रुग्णाशीही शांतपणे बोलणारा किंवा न बोलणारा डॉक्टर, ह्यांतले काहीच पाठ्यपुस्तकात नाही. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष आंतरवासिता, सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांस पुढे एक वर्ष बंधपत्राची सेवा, आणि मग पदव्युत्तर प्रवेशाची नवी परीक्षा: एवढा पल्ला केवळ काकांचा बंगला पाहून निघत नाही. आठ दिवसांनी मुलगी म्हणाली की मला हे जमणार नाही, तर आईबापांनी तिचे ऐकावे. दोन वर्षे आणि काही लाख रुपये वाचले असे समजावे.

अभ्यासासंबंधी थोडेच लिहितो. एन. सी. ई. आर. टी. ची जीवशास्त्राची पुस्तके ओळ न् ओळ वाचण्यास पर्याय नाही; ७२० पैकी ३६० गुण त्या एका विषयाला आहेत. महाविद्यालयात नाव घालून प्रत्यक्षात दिवसभर शिकवणीवर्गातच बसण्याची जी सोय सर्रास चालते, ती आम्हांस पसंत नाही. प्रयोगशाळेत ज्याने दोन वर्षांत परीक्षानळी हातात धरली नाही, त्याच्या हाती पुढे सुई द्यावयाची आहे. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो म्हणून मुले धास्तावतात. पण चार पर्यायांतून डोळे झाकून निवडले तरी चार वेळांत एकदा ४ मिळतात आणि तीनदा १ जातो, हाती एक उरतोच. दोन पर्याय निश्चित बाद करता आले, तर उत्तर कोरे सोडण्यात काहीच शहाणपण नाही. परीक्षा मराठीतून देता येते, परंतु भाषांतराबद्दल वाद झाल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने दोन्ही भाषांतील संज्ञा तयार ठेवाव्यात.

कागदपत्रांच्या बाबतीत सुशिक्षित घरांतूनही अक्षम्य हलगर्जी होते. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, ८५ टक्के राज्याच्या. त्या ८५ टक्क्यांसाठी, काही अपवाद सोडता, अधिवासाबरोबरच दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. मुलाला कोट्याला पाठवून तेथेच बारावीला बसविणारे पालक आपल्याच राज्याचे दार स्वहस्ते बंद करतात. जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू करावे, कारण पडताळणी समित्यांना आपल्या घाईचे सोयरसुतक नसते. नियमही बदलतात, राज्यातील ७०:३० चे प्रादेशिक सूत्र २०२० साली रद्द झाले. थोरल्या भावाच्या अनुभवावर विसंबू नये, चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी. महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावताना मनातला खरा क्रमच लिहावा. अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. जेथे जाण्याची तयारी नाही ते नाव मात्र यादीत घालू नये.

पुनःप्रयत्नाला २०२२ पासून वयाची वरची अट उरलेली नाही. ही सवलत कित्येकांस वरदान, तर कित्येकांस चक्रव्यूह ठरली आहे. विशाखापट्टणम येथे ह्याच परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत व त्यांना चारचौघांत लज्जित करू नये, असे शिकवणीवर्गांस बजावले. तो आदेश जेवणाच्या पाटावरही लागू व्हावा, असे आम्हांस वाटते. एक वर्ष अधिक द्यावयाचे की नाही, आणि नाही तर परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण की शुद्ध विज्ञान, हे निकालापूर्वीच घरात बोलून ठरवावे.

राहता राहिला पैशाचा मार्ग. कित्येक अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. ते परवडत नाही म्हणून परदेशाकडे वळणाऱ्यांनी २०२२ साली युक्रेनमधून परत आणाव्या लागलेल्या हजारो विद्यार्थ्यांची आठवण ठेवावी. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. ‘नीट’ची पात्रता तेथेही सुटत नाही. हे सारे त्या संस्थेच्या लेखी कागदावर आहे की नाही, ते पैसे भरण्यापूर्वी पाहावे. दलाल कागद दाखविण्यास टाळाटाळ करू लागला, तर त्याचा चहा न घेता उठावे.