लहान मेंदूंतील गुंतावळ

सदाशिव पेठेंतील एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. कन्या एकोणीस वर्षांची, महाविद्यालयांत शिकणारी. डोकें वारंवार दुखतें म्हणून एम्. आर्. आय्. चित्र काढलें, तों लहान मेंदूंत रक्तवाहिन्यांची गुंतावळ आढळली. ती अद्याप फुटलेली नाहीं. एक डॉक्टर म्हणतात काढा, दुसरे म्हणतात हात लावूं नका. आईनें कोणाचें ऐकावें?

प्रथम विकार समजून घ्यावा. रोहिणींतील रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यांतून मंदावत नीलांत उतरतें. येथें तें मधलें जाळेंच नसतें. रोहिणीचा सगळा जोर पातळ भिंतींच्या नीलांवर येतो. १९६१ च्या १२ जुलै रोजीं पानशेत फुटल्यावर मुठेकांठीं काय झालें, हें पुणेकरांस सांगावयास नको. ही गुंतावळ बहुधा जन्मजात समजली जाते. गरोदरपणीं पाळलेल्या वा न पाळलेल्या ग्रहणाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. आपण स्वतःस बोल लावून घेऊं नये.

कवटीचा मागचा कप्पा फार अरुंद. त्यांत तोल सांभाळणारा लहान मेंदू, आणि त्याला लागूनच श्वास चालविणारा मेंदूचा देठ. सुश्रुतानें मस्तक व मान यांच्या सांध्यावरील कृकाटिका मर्मास इजा झाल्यास डोकें डळमळतें असें म्हटलें आहे. जागा नाजूक हें जुन्यांसही ठाऊक होतें. येथें थोडेंही रक्त सांडलें तरी मेंदूंतील पाण्याची वाट तुंबते. एकाएकीं असह्य डोकेंदुखी, ओकारी, झोकांड्या असें दिसल्यास सुंठीचा लेप लावीत बसूं नये. रात्र असो वा पहाट, रुग्णालय गांठावें.

इ. स. १९२७ त लिस्बनच्या मोनीझनें मेंदूच्या रक्तवाहिन्यांचें क्ष-किरणचित्र घेतलें, तेव्हांपासून ह्या गांठी जिवंतपणीं नीट दिसूं लागल्या. पण दिसणें निराळें आणि काढणें निराळें. आज उपाय तीन: कवटी उघडून गांठ काढणें, मांडींतील रोहिणींतून बारीक नळी नेऊन आंतून चिकट द्रव्यानें वाट बुजविणें, आणि लेक्सेलनें १९६८ त स्वीडनमध्यें प्रथम चालविलेला गॅमा नाइफ, जो मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत १९९७ त आला. ह्या तिसऱ्या उपायांत चाकू नाहीं, परंतु गांठ बुजावयास दोन-तीन वर्षें लागतात, आणि तोंवर फुटण्याची भीति तशीच असते.

आतां दोन डॉक्टरांचा मतभेद. न फुटलेल्या गांठींविषयीं २०१४ त प्रसिद्ध झालेल्या अरुबा नांवाच्या पाहणींत २२३ रुग्ण होते. त्यांत केवळ औषधांवर ठेवलेल्यांना पक्षाघात व मृत्यु कमी आले. हें वाचून दुसरे डॉक्टर बोलत असावेत. पण ती पाहणी सरासरी तेहतीस महिन्यांचीच. सर्वसाधारणपणें अशा गांठी वर्षास शेंकडा दोन ते चार फुटतात. साठीच्या गृहस्थास हा हिशेब एक, आणि पुढें साठ वर्षें जगावयाचें असलेल्या मुलीस दुसरा. पहिले डॉक्टर तोच मांडीत असतील. तेव्हां गांठ केवढी, किती खोल, तिच्या नीला कोठें जातात, आणि नेमक्या ह्या जागेच्या किती गांठी आपण स्वतः हाताळल्या, हें दोघांनाही संकोच न करतां विचारावें. उत्तर देण्याचें जो टाळील, त्याच्या हातीं मुलीचें डोकें देऊं नये.

पत्राच्या शेवटीं, स्थळें पाहतांना हें लपवावें काय, असें विचारलें आहे. लपवूं नये. उद्यां बाळंतपणाच्या वेळीं डॉक्टरांस सांगावें लागेलच, तें सासरीं आधींच ठाऊक असलेलें बरें.

सबंध पत्रांत कन्येचें मत मात्र कोठें आढळलें नाहीं. ती सज्ञान आहे. तिनें स्वतः दोन ओळी लिहिल्या, तर आम्ही उलट टपालीं उत्तर देऊं.