शौरी, अंतुले आणि कागदाचा पुरावा

अरुण शौरी हे नाव निघालं की आमच्या नातेवाइकांत दोन तट पडतात. वयानं मोठी माणसं म्हणतात, असा पत्रकार पुन्हा झाला नाही. धाकटी मंडळी म्हणतात, ज्यानं बाबासाहेबांवर तसलं पुस्तक लिहिलं त्याचं कौतुक आम्हाला सांगू नका. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. पण ते कसं, हे दिवाणखान्यातल्या वादात धड सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

आधी अंतुल्यांचं प्रकरण. शौरी मूळचे पत्रकार नव्हेत. अमेरिकेत अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, जागतिक बँकेत नोकरी केली आणि १९७९ मध्ये रामनाथ गोएंकांच्या ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये कार्यकारी संपादक झाले. ३१ ऑगस्ट १९८१ ला त्यांचा तो गाजलेला लेख आला. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’सारखे ट्रस्ट काढले होते. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. कुणाला किती पोती मिळणार हे सरकार ठरवायचं, आणि उघड्या बाजारात तेच सिमेंट चढ्या भावानं जायचं. बिल्डरनं ट्रस्टला चेक द्यायचा आणि सिमेंटचा कोटा घेऊन जायचा, असा तो मामला.

आता आमच्या मुरगूडच्या माणसाला त्या मुंबईच्या बिल्डरांशी काय देणंघेणं? पण देणग्या साखर कारखान्यांकडूनही घेतल्या गेल्या होत्या, आणि तिथे आमचा संबंध येतो. इकडे वेदगंगेच्या काठावर ऊसबिल हातात आलं की माणूस आधी कपातीचा रकाना बघतो. कुठला निधी, कुठली देणगी, कुणाला विचारून कापली? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, आणि पुढच्या हंगामात ऊस तिथेच घालायचा असतो म्हणून कुणी फार ताणतही नाही. ‘स्वेच्छेनं दिलेली देणगी’ हा शब्दप्रयोग ऊसवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. शौरींनी केलं ते एवढंच की एका बाजूला देणगीची तारीख आणि रक्कम ठेवली, दुसऱ्या बाजूला सरकारी मेहेरबानी ठेवली, आणि वाचकाला म्हणाले, बघा बुवा.

प. बा. सामंत वगैरे मंडळी कोर्टात गेली. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट आणि देणग्यांचा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांना जावं लागलं. फौजदारी खटला मात्र रेंगाळला. भाजपचे रामदास नायक त्याचा पाठपुरावा करत राहिले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला, आणि १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं तो आदेशच चूक ठरवला. अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले. २०१४ मध्ये ते गेले.

आणखी एक गोष्ट. संजय गांधी निराधार योजना सुरू झाली ती अंतुल्यांच्याच काळात, १९८० साली. गावोगावच्या किती विधवांना आणि म्हाताऱ्यांना त्या पैशाचा आधार झाला ते तलाठ्याला विचारा. त्यामुळे अंतुल्यांचं नाव काढल्यावर हात जोडणारी माणसंही मी पाहिली आहेत. पण म्हणून तो लेख खोटा ठरत नाही.

शौरींच्याच काळात ‘एक्सप्रेस’नं भागलपूरचं अंधीकरण उघडकीस आणलं. १९८१ मध्ये अश्विनी सरीन या बातमीदारानं तर २३०० रुपयांना एक बाई विकत घेतली, बायकांचा बाजार चालतो हे सिद्ध करायला. बातमी देशभर गाजली. आपल्या विजय तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ लिहिलं. नाटकातली कमला पत्रकाराच्या बायकोलाच विचारते, तुम्हाला केवढ्याला घेतलं? पत्रकार पुरावा गोळा करतो, पण ज्या माणसाचा पुरावा करतो त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न तेंडुलकरांनी बातमीची शाई वाळायच्या आत विचारला. मला तो शौरींच्या पुढच्या सगळ्या वाटचालीला लागू पडतो असं वाटतं.

मंत्रिपदाबद्दल फार लिहीत नाही. वाजपेयी सरकारात ते निर्गुंतवणूक मंत्री होते. मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल ८३ कोटींना विकलं गेलं आणि घेणाऱ्यानं काही महिन्यांत ते ११५ कोटींना पुढे विकलं. तेव्हा फाइलींवरून प्रश्न विचारणारे दुसरे होते आणि उत्तरं देणारे शौरी. काळाचा महिमा! असो.

खरा वाद आरक्षणाचा आणि आंबेडकरांचा. १९९० मध्ये मंडल आयोगाविरुद्ध शौरींनी ‘एक्सप्रेस’मधून जोरदार आघाडी उघडली, आणि त्याच वर्षी त्यांना तिथून जावं लागलं. मग १९९७ मध्ये ‘वर्शिपिंग फॉल्स गॉड्स’ हे पुस्तक आलं. बाबासाहेबांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला नाही, इंग्रजांना साथ दिली, आणि घटना काही त्यांनी एकट्यानं लिहिलेली नाही, असा त्याचा सूर.

हे पुस्तकही कागदांवरच उभं आहे. पण कागद कुणाचे? अंतुले प्रकरणात कागद सत्तेचे होते आणि ते सत्तेविरुद्ध बोलत होते. इथे शौरी व्हाइसरॉय आणि लंडन यांच्यातला पत्रव्यवहार काढतात आणि त्यावरून अशा माणसाला जोखतात, ज्याच्या लोकांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरायची मुभा नव्हती. त्या फाइलींत महाडचं तळं कितीसं सापडणार? घटनेचं म्हणाल, तर २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलं होतं. त्यात उघड करण्यासारखं काय होतं?

आमच्या जिल्ह्यात तर हे फारच खटकतं. शाहू महाराजांनी १९०२ मध्येच करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. बाबासाहेब तेव्हा तिशीच्या आतले होते, इंग्रजांनी त्यांना कुठलं मोठं पद दिलेलं नव्हतं. त्यांना पुढारी कुणी केलं, याचं उत्तर लंडनच्या पत्रांत शोधण्याऐवजी शौरी एकदा माणगावला आले असते तर? तिथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी काही लिहून ठेवलेलं नाही, कारण त्यांना लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांच्या घरांत ती गोष्ट तोंडी सांगितली जाते, आणि तीही ऐकून घ्यायला बातमीदार लागतोच की.