फोटोतले शेत कुणाचे?

मध्यंतरी सावरगावहून भावजींचा फोन आला. हे सावरगाव म्हणजे मध्य प्रदेशातले. पांढुर्णा पलीकडे, मध्ये फक्त जाम नदी. माझी मावसबहीण तिथे दिलेली. संत्र्याचे थोडे पैसे हातात आलेले, आणि व्हॉट्सॲपवर एक जाहिरात : 'गोव्यात स्वतःची जागा'. पुढे कोट घातलेला, हाताची घडी घालून हसणारा एजंट. मागे हिरवीगार भातशेती, माड आणि लांबवर पांढरी इगर्ज.

"फोटो तर साफ दिसते न भाऊ? टोकन देऊन टाकू काय?"

म्हटले, भावजी, चार दिवस थांबा. रविवारी स्कूटर काढली आणि जागा बघून आलो.

जागा होती. डोंगराच्या उतारावर, खडकाळ, गाडी जाईल असा रस्ता नाही. तिथे उभे राहिले की समोर भातशेती दिसते, हेही खरे. पण ते शेत दुसऱ्याचे, माड तिसऱ्याचे आणि इगर्ज गावाची. त्या फोटोत एजंटाचे स्वतःचे असे एकच होते : त्याचा चेहरा. विकायचा तुकडा तेवढा फोटोत नव्हता!

आता मला सांगा, ही फसवणूक नाही तर काय?

एका ओळखीच्या दलालाला विचारले, तर म्हणाला, "स्थळ दाखवताना पावडर लावतातच की!" लावतात, बाबा. पण स्थळाच्या फोटोत शेजारच्या मुलीला उभी करत नाहीत.

मी सरकारी कारकून. माझ्या नोकरीच्या अर्जावर चिकटवलेल्या चार बोटांच्या फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागली होती. हा माणूस तोच, एवढे सिद्ध करायला! आणि लाखो रुपयांच्या जमिनीच्या फोटोवर कुणाचीच सही नको, तारीख नको, सर्वे नंबर नको?

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता देणे बंधनकारक आहे. कलम १२ म्हणते, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर बिल्डरने भरपाई द्यावी. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. पण हे सारे नोंदणीच्या प्रकल्पांना. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असल्या तर नोंदणीच लागत नाही. भावजींना आलेला सुटा तुकडा नेमका या फटीतून निसटतो. एजंटाचा हसरा चेहरा अशाच ठिकाणी नोंदणी क्रमांकाची जागा घेतो.

आम्हा गोवेकरांचे दुखणे याहून मोठे आहे. २०२३ साली आपल्या विधानसभेने कायदा केला : काही अपवाद सोडले तर भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येणार नाही. चांगले झाले. पण शेत विकायला बंदी, शेताचे दृश्य विकायला मात्र मोकळीक! चिखलात कंबर मोडून लावणी करणार एक, आणि त्या हिरव्या रंगाचा भाव वसूल करणार दुसराच. वर, ते दृश्य बघायला डोंगर कापून घरे बांधली की पावसात त्याची माती उतरणार त्याच शेतात. फोटोतल्या शेताला फोटोच खाणार.

माझे म्हणणे साधे आहे. जागेचा फोटो हा कागदपत्राचा भाग माना. त्यावर गाव, सर्वे नंबर आणि काढल्याची तारीख हवी. विकायच्या जागेची हद्द रेघ मारून दाखवा. जायच्या वाटेचा एक फोटो जोडा. हे लहानमोठ्या सगळ्या व्यवहारांना लागू करा. आणि एजंटाने आपल्या फोटोऐवजी आपला नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरात छापावा. चेहरा नंतर बघू.

भावजींना हे समजावताना त्यांच्याच गावचा दाखला दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून सावरगाव-पांढुर्ण्याची गोटमार होते. पेपरात फोटो येतात. दगड, रक्त, गर्दी. म्हटले, तो फोटो पाहून कुणी म्हणाले की सावरगाव म्हणजे एवढेच, तर?

भावजी उसळलेच. "असं कसं? बाकीचे दिवस येऊन पाहा म्हणा न!"

तेच तर म्हणतोय, भावजी.

टोकन राहिले. मी त्यांना त्या जागेचा एक-चौदाचा उतारा पाठवला. आमचा एक-चौदा म्हणजे महाराष्ट्राचा सातबारा, त्यांच्याकडचा खसरा. सर्वे नंबर हातात असला की तो घरबसल्या बघता येतो, कूळ कोण तेही कळते. एजंटाकडून तो नंबर मिळवायला मात्र तीन फोन करावे लागले. फोटो न मागता आला होता!

तुमच्याही मोबाईलवर असा फोटो येईल. आला, तर एकच करा : आधी सर्वे नंबर मागा. जो देणार नाही, त्याचे हसू त्यालाच परत पाठवा.